गौताळ्याच्या झुडपांतली खरपुडी

कन्नडहून चाळीसगावकडे जाणारी बहुतेक मंडळी औट्रम घाटातून तशीच पुढे निघून जातात. आम्ही घाटाच्या अलीकडेच गौताळ्याकडे वळलो. भाद्रपद लागला होता, तेरडा फुलला होता आणि पाऊस मराठवाड्याच्या रीतीप्रमाणे ऐन वेळी गायब होता. १९८६ मध्ये जाहीर झालेलं हे अभयारण्य छत्रपती संभाजीनगर आणि जळगाव अशा दोन जिल्ह्यांत सुमारे २६० चौरस किलोमीटर पसरलंय. लोक इथे बिबट्या दिसेल या आशेने येतात. मला मात्र कंदीलपुष्प, म्हणजे कंदिलासारखं फूल धरणारी वेल, बघायची होती.

कंदीलपुष्पं म्हटलं की सगळे सह्याद्री गाठतात. तेही बरोबरच आहे, कारण यातल्या कितीतरी जाती तिथल्या मोजक्या डोंगरांवरच उरल्यात. नाशिकजवळच्या अंजनेरीचं तर नावच एका जातीला मिळालंय. मराठवाड्याच्या वाट्याला आलेली खरपुडी, म्हणजे सेरोपेजिया बल्बोसा, तशी मिरवणारी नाही. वनस्पतिशास्त्रज्ञ विल्यम रॉक्सबर्गने १७९५ मध्ये तिचं वर्णन छापलं, ते कोरोमंडल किनाऱ्याच्या वनस्पतींवरच्या ग्रंथात.

वेल सापडायला वेळ लागला. झुडपाचा आधार घेऊन ती अशी चढते की समोर असून दिसत नाही. एका वेलीची पानं गोलसर, मांसल. चार पावलांवरच्या दुसरीची गवतासारखी लांबट. जात एकच. फूल बोटाच्या पेराएवढं, हिरवट पांढरं. बुडाशी फुगीर, वर नळी आणि टोकाशी जांभळट पाकळ्या जुळून झालेला पिंजरा. वासाला भुलून चिलट आत शिरतं. नळीतले केस खाली वळलेले, त्यामुळे आत जाता येतं, परतता येत नाही. पुढे केस कोमेजतात, फूल कलतं आणि चिलट परागांचं ओझं घेऊन सुटतं. एवढा खटाटोप करूनही शेंगा थोड्याच धरतात. त्यातलं बी रुईच्या म्हाताऱ्यांसारखं वाऱ्यावर जातं. वेल आहेही रुईच्याच गोतातली.

गुरं राखणारे एक मामा आमची वाकावाकी बघत उभे होते.

"खरपुडी व्हय? लहानपणी लई खाल्ली. खाली कंद ऱ्हातो ना."

"सगळाच उपटायचात?"

"मोठा काढायचा, बारका तिथंच दाबायचा. पुढल्या साली काय खाणार मग?"

खरी गोम त्या कंदात आहे. दिवाळीपर्यंत वेल वाळून जाते, उन्हाळा आणि वणवा जमिनीखाली काढते आणि पावसाला पुन्हा वर येते. शेळीने शेंडा खाल्ला तरी ती सावरते, पण कंद गेला की संपलं. त्यातही बी धरायच्या आधी, फुलाच्या खुणेवरून खणलं तर मागे काहीच उरत नाही.

एखादी जात किती धोक्यात आहे हे ठरवताना तिचा पसारा बघतात. खरपुडी राजस्थानपासून तमिळनाडूपर्यंत सापडते, त्यामुळे कागदावर ती अंजनेरीच्या बहिणीइतकी अडचणीत दिसत नाही. पण पसारा मोठा म्हणजे प्रत्येक टेकडीवर ती सुखरूप आहे असं नाही. इथून ती गेली तर देशाच्या यादीला पत्ताही लागणार नाही. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात डॉ. श्रीरंग यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुर्मिळ कंदीलपुष्पं बागेत वाढवून जपली. तेवढं नाही जमलं तरी आपल्याकडच्या महाविद्यालयांनी दर पावसाळ्यात ठरलेल्या टेकड्यांवरच्या वेली मोजायला काय हरकत आहे? त्याला प्रयोगशाळा लागत नाही, चांगले बूट लागतात.

आणि फोटो टाकणाऱ्यांनो, मोबाइलमधलं ठिकाण बंद ठेवा. ही वेल नेमकी कुठे दिसली ते मला विचारू नका. पितळखोऱ्याच्या लेण्यांचा रस्ता विचारा; तो पायऱ्यांसकट सांगेन.