शॉक नव्हे, बॉल जॉइंट

"शॉक अ‍ॅब्सॉर्बर नवे टाकले, तरी आवाज जात नाही," काकांनी गाडीतून उतरता उतरताच सांगितलं. गाडी जुनी, पुढे डबल विशबोन, म्हणजे प्रत्येक चाकाला वर-खाली दोन आर्म, स्प्रिंग खालच्या आर्मवर बसलेली. खड्ड्यात गेली की डावीकडून खट्ट. आधीच्या गॅरेजवाल्याने चाक हलवून 'प्ले नाही', म्हणजे सांध्यात ढिलेपणा नाही, असा निर्वाळा दिला होता.

चॅसीखाली जॅक लावून मीही हलवून पाहिलं, चाक घट्ट लागलं. या बनावटीत ते तसंच लागणार. चाक अधांतरी असताना स्प्रिंग आर्मला खाली रेटून धरते, आर्म आणि चाक जोडणारा बॉल जॉइंट ताणलेला राहतो आणि झीज दिसत नाही. म्हणून जॅक लोअर आर्मखाली, जॉइंटच्या जमेल तितका जवळ घेतला आणि टायरखाली पहार घालून उचकलं. आता चाक आर्मला सोडून वर उठत होतं! खात्रीसाठी पोराला ब्रेक दाबून धरायला लावलं आणि चाक वर-खाली धरून पुन्हा हलवलं. ब्रेकने प्ले गेला असता तर बेअरिंगवर संशय घेतला असता. गेला नाही.

"पुढच्या महिन्यात केलं तर चालेल ना?" काका म्हणाले. मी गाडीची किल्ली खिशात टाकली. शॉक गेला तर गाडी डोलते, पण घरी पोचते. लोअर बॉल जॉइंट सुटला तर चाक आडवं होतं आणि गाडी त्या कोपऱ्यावर रस्त्याला टेकते. मग स्टिअरिंग कितीही फिरवा.

कामात भीती स्प्रिंगची. जॅक आर्मखालून हलता कामा नये, नाहीतर दाबलेली स्प्रिंग आर्मसकट झेपावते. ब्रेकचा कॅलिपर सोडून तारेने टांगला, ब्रेकच्या होजवर ताण नको म्हणून. नट अडवणारी स्प्लिट पिन गंजून तुकड्यातुकड्यांनी निघाली. जॉइंटच्या स्टडवरचा नट सैल केला, पण चार आटे तसेच ठेवले. मग नकलच्या, म्हणजे चाक धरणाऱ्या भागाच्या, ज्या डोळ्यात स्टड बसतो त्यावर बाजूने हातोडा. स्टडवर मारणारे आटे बिघडवून ठेवतात. नकलला झटका बसला की स्टडचा निमुळता टेपर आपोआप सुटतो. बराच वेळ काही होईना. मग एकदम धाड! पोरगा दोन पावलं मागे. ते चार आटे यासाठीच ठेवायचे.

जुना जॉइंट प्रेसने दाबून काढला. रबरी बूट एका बाजूने फाटलेला, आत ग्रीसचा पत्ता नाही, तांबडी गंजाची भुकटी तेवढी. स्टड बोटाने लुटुलुटु हलत होता. नव्याचा स्टड फिरवायला मनगटाचा जोर लागतो. नवा बसवताना तिरका जाऊ दिला नाही, तिरका गेला तर आर्मचं भोकच मोठं होतं. नट ठरलेल्या टॉर्कवर आवळला तर पिनचं भोक समोर येईना. अशा वेळी पुढेच आवळायचं, मागे कधीच नाही.

उजव्या बाजूला प्ले नव्हता, बूट मात्र चिरलेला होता. "तो राहू दे," काका म्हणाले. बूट फाटला की पाणी शिरणारच, हे डावा जॉइंट हातात देऊन दाखवलं. बराच वेळ तो उलटासुलटा करून बघितला त्यांनी. शेवटी दोन्ही बदलले, निपलमधून ग्रीस भरलं, बूट किंचित फुगेपर्यंतच.

चाचणीत खट्ट गेलं, पण गाडी एका बाजूला ओढत होती. चाकांचं अलाइनमेंट करायलाच लागलं. डावा टायर आतल्या कडेने तारा दिसेपर्यंत झिजला होता, त्यामुळे तोही बदलावा लागला.