विणकाम-भरतकामाच्या जुन्या अंकांचं काय करायचं?

आज माळ्यावरून विणकाम-भरतकामाच्या मासिकांचे चार गठ्ठे खाली आले. रद्दीत किलोवर घालायच्या आधी प्रत्येक अंकात मधला घडीचा नमुना-कागद आहे का ते बघाच. तो हरवला की भरतकामाचा अंक निम्मा बाद. कृती वाचता येते, पण मापातलं चित्र मिळत नाही.

हवी ती पानं ओढून फाडू नका. पिनेचे पाय मागून सरळ करून ती काढा, जोडपान अख्खं सुटतं. पिना राहिल्या तर पावसाळ्यात गंजतात आणि तांबडा डाग नमुन्यावरच उतरतो. क्रोशाच्या पानावर टाक्यांची नावं ब्रिटिश पद्धतीची की अमेरिकन ते पेन्सिलीने लिहा: ब्रिटिश डबल क्रोशे म्हणजे अमेरिकन सिंगल क्रोशे, टाका एकच. ब्रिटिश डबल अमेरिकन समजून विणला की ओळ जवळपास दुप्पट उंच होते, दोरा अर्ध्यातच संपतो.

दमट अंक सावलीत वाळवा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन कागद पिवळा अन् कडक करतं. पेटी विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. मातीच्या भिंतीतून वाळवी आली तर वरचा अंक शाबूत दिसतो, खाली नुसता भुसा.

जास्तीचे अंक बचत गटाच्या शिलाईवाल्या बायांना द्या, पण विषयवार बांधून. मिसळलेला गठ्ठा कोणी उघडत नाही.