पुणे ते आचरा, विजेवर: एसयूव्ही ठरवण्याआधी केलेला प्रवास

पुण्यात राहणारे आणि तळकोकणात गाव असणारे जे कोणी सध्या इलेक्ट्रिक एसयूव्ही घ्यायच्या विचारात असतील, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शोरूममध्ये मिळणारी टेस्ट ड्राइव्ह चार-पाच किलोमीटरची, रिकाम्या गाडीची आणि सपाट रस्त्याची असते. आम्हाला गाडी हवी आहे ती कोथरूडहून मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला जायला. चार माणसं, डिकीभर सामान, जाताना खंबाटकी आणि आंबोली, येताना फोंडा घाट. म्हणून दिवाळीची गर्दी ओसरल्यावर एक गाडी भाड्यानं घेतली आणि थेट त्याच रस्त्यावर घातली. गाडी घेण्याआधी हे प्रत्येकानं करावं असं माझं ठाम मत आहे. भाड्याला जे पैसे जातात त्याच्या कितीतरी पट मोठा निर्णय त्यातून सुटतो.

भाड्याची गाडी टाटा नेक्सॉन ईव्ही होती, 45 युनिटांची. माझे दीर त्यांची महिंद्रा एक्सईव्ही 9ई घेऊन सोबत आले, तिची बॅटरी 79 युनिटांची. (बॅटरीचा आकार किलोवॉट-अवरमध्ये सांगतात, तेच आपल्या लाइट बिलावरचं एक युनिट. पुढे सगळीकडे युनिटच म्हणते.) लहान बॅटरी आणि मोठी बॅटरी एकाच दिवशी, एकाच रस्त्यावर मागे-पुढे चालवायला मिळाल्या, हा आमच्या प्रवासाचा खरा फायदा.

आधी रेंजबद्दल. नेक्सॉन 45 चा प्रमाणित आकडा 489 किलोमीटर आहे आणि 79 युनिटांच्या एक्सईव्ही 9ईचा 656. हे प्रयोगशाळेतल्या ठरावीक चक्रावरचे आकडे आहेत. गाड्या एकमेकांशी ताडून बघायला ते उपयोगी पडतात, प्रवास आखायला नाहीत. आमची नेक्सॉन हायवेवर नव्वदच्या वेगाला, एसी लावून, एका युनिटला पावणेसात ते सात किलोमीटर देत होती, म्हणजे भरलेल्या बॅटरीवर तीनशेच्या आसपास. भावजींची गाडी वजनानं बरीच जड, ती सहाच्या थोडी पुढे. तिचे साधारण पावणेपाचशे धरा. तुम्ही ज्या गाडीचा विचार करताय तिचं गणितही असंच मांडा: बॅटरीची युनिटं गुणिले सहा ते सात, आणि त्यातून वीस टक्के राखीव वजा. जे उरतं तेवढंच हायवेवर आपलं.

वेगाचा परिणाम पेट्रोल गाडीपेक्षा इथे फार ठळक दिसतो. हवेचा विरोध वेगाच्या वर्गानं वाढतो. शंभरवरून एकशेवीसवर गेलात की तो 44 टक्के जास्त. कराडच्या पुढे मोकळा रस्ता मिळाला म्हणून थोडा वेळ एकशेदहाच्या पुढे ठेवली, तेव्हा बॅटरीचे टक्के डोळ्यांदेखत उतरत होते. नव्वद-पंच्याण्णव धरलीत तर पुणे-कोल्हापूर हे 230 किलोमीटर 45 युनिटांच्या गाडीत न थांबता होतात. आम्ही पुण्यातून शंभर टक्क्यांवर निघालो आणि कोल्हापुरात पंचवीसच्या आसपास पोचलो. भावजींच्या गाडीत अजून निम्म्याहून जास्त शिल्लक होती. टोलची एक गोष्ट लक्षात ठेवा. राज्याच्या 2025 च्या धोरणातली इलेक्ट्रिक गाड्यांची टोलमाफी अटल सेतू, मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग आणि समृद्धी यांच्यासाठी आहे. खेड शिवापूर, आनेवाडी, तासवडे, किणी हे टोल राष्ट्रीय महामार्गावरचे आहेत, ते भरावेच लागतात.

कोल्हापुरात जेवण आणि चार्जिंग एकत्र, असा बेत होता. पहिल्या ठिकाणी चार्जिंग कंपनीच्या अॅपवर चार्जर चालू दिसत होता, प्रत्यक्षात बंद. पंचवीस टक्के हातात असल्यामुळे घाम फुटला नाही, शहरातच दुसरीकडे गेलो. यातून घ्यायचं ते एवढंच, की ज्या टक्क्यांवर पोचल्यावर पुढचा चार्जर आवाक्यात राहील, त्याच टक्क्यांवर थांबायचं. दहा टक्क्यांवर गाडी नेणं म्हणजे एकाच मशीनवर सगळी भिस्त ठेवणं. अॅपमध्ये त्या चार्जरवर शेवटचं चार्जिंग कधी झालं किंवा लोकांनी अलीकडे काय लिहिलंय ते बघा. आज सकाळी कुणीतरी गाडी भरून गेलंय असं दिसलं तर खुशाल जा. दोन-तीन कंपन्यांची अॅपं आधीच उतरवून, त्यांच्या वॉलेटमध्ये थोडे पैसे टाकून ठेवा. उन्हात उभं राहून ओटीपीची वाट बघणं वैतागाचं असतं.

दुसऱ्या ठिकाणी दोन गन (गाडीत खुपसायच्या केबली) असलेला साठ किलोवॉटचा, म्हणजे तासाला साठ युनिटं देऊ शकणारा चार्जर होता. आम्ही दोन्ही गाड्या लावल्या आणि दोन्हीकडे तीस-तीस किलोवॉट येऊ लागले. अशा चार्जरवर दोन गाड्या लागल्या की वीज वाटली जाते. भावजींना तशी गरज नव्हती, थोड्या वेळानं त्यांनी त्यांची गन काढली, आणि आमचा आकडा तीसवरून पन्नाशीच्या पुढे गेला.

गाडी निवडताना हे दृश्य डोळ्यांसमोर ठेवा. एक्सईव्ही 9ई आणि महिंद्राचीच बीई 6 यांची मोठी बॅटरी चार्जिंगचा 175 किलोवॉटपर्यंत वेग घेऊ शकते, वीस ते ऐंशी टक्के वीस मिनिटांत, अशी जाहिरात आहे. ती खरीच आहे, पण तेवढ्या ताकदीचा चार्जर समोर असेल तर. तुमच्या नेहमीच्या रस्त्यावर साठचेच चार्जर असतील तर तुम्हाला साठच मिळणार, आणि मोठी बॅटरी भरायला जास्त वेळ लागणार. म्हणून शोरूममध्ये जाण्याआधी आपल्या रस्त्यावरचे चार्जर किती किलोवॉटचे आहेत ते अॅपमध्ये बघून कागदावर लिहून काढा. जिथे ते साठचे आहेत तिथे त्याहून जास्त वेगासाठी मोजलेले पैसे निदान आज तरी वापरात येत नाहीत. ऐंशी टक्क्यांनंतर वेग झपाट्यानं उतरतो. पंच्याऐंशीला आम्ही गन काढली. तोवर सासूबाईंचा पांढरा रस्सा दुसऱ्यांदा घेऊन झाला होता, त्यामुळे थांबावं लागलं असं कुणालाच वाटलं नाही.

पुढे उत्तूर, आजरा, आंबोली. हा रस्ता इलेक्ट्रिक गाडीत इतका सुंदर वाटतो की मी ज्याला त्याला सांगते आहे. इंजिनाचा आवाज नाही, काचा खाली, आजऱ्यानंतरची झाडी. आंबोलीहून दाणोलीकडे उतरताना सुमारे सहाशे मीटरची उतरण आहे. माणसं आणि सामान धरून आमची गाडी अठराशे किलोच्या घरात. एवढं वजन तेवढ्या उंचीवरून खाली आणताना साधारण तीन युनिटांची ऊर्जा मोकळी होते. पेट्रोल गाडीत ती ब्रेकच्या उष्णतेत जाते. इथे मोटारच जनरेटरचं काम करते आणि त्यातला बराचसा भाग बॅटरीत परत येतो. घाटमाथ्यावर जेवढे टक्के होते त्याहून दोन-तीन जास्त घेऊन आम्ही खाली पोचलो, आणि ब्रेकवर पाय क्वचितच ठेवावा लागला.

यात दोन गोष्टी सांभाळायच्या. बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर परत येणाऱ्या विजेला जागा नसते, मग ही रोधकशक्ती कमी होते आणि सगळा भार ब्रेकवर येतो. आंबोलीत मुक्काम करून रात्रभर चार्जिंग करणार असाल तर नव्वदच्या आसपास थांबा. दुसरं म्हणजे माणसांचं पोट. रीजनची (गाडी रोखून वीज परत घेण्याच्या या सोयीची) पातळी सगळ्यात वर ठेवली की पाय उचलताच गाडी ओढल्यासारखी मंदावते आणि वळणावळणाच्या घाटात मागे बसलेल्यांना मळमळतं. सासूबाईंनी डोळे मिटून घेतले तशी मी पातळी एकनं खाली आणली, मग प्रवास नीट झाला. टेस्ट ड्राइव्हला गेलात की ही पातळी चालता चालता बदलता येते का, आणि ती बदलायला स्टिअरिंगवर पॅडल आहेत की स्क्रीनमध्ये शिरावं लागतं, हे आवर्जून बघा. घाटात स्क्रीनकडे बघणं मला मान्य नाही.

सावंतवाडी, कुडाळ, मालवण करत आचऱ्याला पोचलो तेव्हा आमच्याकडे तीसच्या वर टक्के होते. थोरले सासरे, आप्पा, पडवीतून बघत होते. गाडी अंगणात येऊन थांबली तरी ती थांबल्याचं त्यांना कळेना. "गो, चालू आसा काय बंद? माका कायच कळणा नाय," म्हणाले. मग स्वतः आत बसून त्यांनी सगळी बटणं दाबून बघितली.

गावच्या घरी चार्जिंग हा या प्रवासातला सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि याविषयी शोरूममध्ये कुणीही बोलत नाही. घरी पंधरा अँपियरचा पॉइंट होता. त्यात गाडीसोबतची केबल लावली तर लाल दिवा, चार्जिंग सुरूच होईना. कारण अर्थिंग. जुन्या घरांत अर्थिंगची तार असते, पण तिचा खड्डा वर्षानुवर्षं कोरडा पडलेला असतो. मिक्सर आणि पंखा त्यावर चालतात, गाडी मात्र आधी अर्थिंग तपासते आणि ते नसेल तर वीज घेतच नाही. ही सुरक्षेची सोय आहे, तिला बगल देणारे जुगाड करू नका. गावातल्या वायरमनला बोलावलं, त्यानं खड्डा उकरून मीठ-कोळसा भरला, पाणी ओतलं, सुटलेली जोडणी घट्ट केली. तासाभरात काम झालं. तुम्ही निघायच्या आठवडाभर आधी फोन करून हे करून घ्या. होम-स्टेमध्ये उतरणार असाल तर "चार्जिंगची सोय आहे का" असं मोघम विचारू नका. "पंधरा अँपियरचा पॉइंट पार्किंगपाशी आहे का, अर्थिंग तपासलंय का" असं विचारा, आणि युनिटामागे पैसे द्यायची तयारी आधीच सांगा. साधी एक्स्टेन्शन बोर्डाची वायर वापरू नका, ती तापते. चार्जिंग चालू असताना पंप आणि गिझर बंद ठेवलेले बरे.

अशा पॉइंटवर तासाला तीनच युनिटं चढतात. आमची गाडी रात्री दहाला लावली, सकाळी आठला भरली होती. भावजींची भरायला वीस तास लागले, त्यात मध्ये लाइट गेली. मोठी बॅटरी रस्त्यावर निश्चिंती देते हे खरं, पण गावात रोज इकडे-तिकडे फिरायचं असेल तर ती भरत ठेवायलाही तेवढाच वेळ हवा. आणखी एक. आमच्या वाडीत जाणारी पाणंद दोन्ही बाजूंनी चिऱ्याच्या गडग्यांची आहे. 1.8 मीटर रुंदीची नेक्सॉन आरशांसकट निघाली. एक्सईव्ही 9ई 1.9 मीटरची, भावजींनी ती देवळापाशी लावली आणि केबल पोचेना म्हणून चार्जिंगच्या वेळी आरसे मिटून, दोघांनी दोन बाजूंना उभं राहून ती आत घेतली. तुमच्या गावच्या वाटेची रुंदी टेपनं मोजा, हे मी अगदी गांभीर्यानं सांगते.

आतल्या जागेचं सांगायचं तर मोठी गाडी निर्विवाद सरस. सपाट तळ, मागे पाय पसरायला जागा. लहान गाडीत बॅटरी तळाखाली असल्यामुळे मागच्या सीटवर गुडघे थोडे वर येतात आणि मांड्यांना आधार कमी पडतो. सासूबाई पुढे बसल्या म्हणून आमचं निभावलं. तुमच्याकडे मागे बसणारी दोन वडीलधारी माणसं असतील तर त्यांना शोरूममध्ये घेऊन जा आणि अर्धा तास बसवून ठेवा. छत मागे उतरत जाणाऱ्या गाड्यांमध्ये, म्हणजे कर्व्ह ईव्हीसारख्या, उंच माणसाचं डोकं कुठे येतं तेही तेव्हाच कळेल. क्रेटा इलेक्ट्रिक (51.4 युनिटं) आणि हॅरियर ईव्ही (65 आणि 75) याही आम्ही बघितल्या. ज्यांच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एक्सईव्हीची लांबी बसत नसेल पण कुटुंब मोठं असेल, त्यांनी या मधल्या बॅटऱ्यांकडे आधी बघावं. आणि कोणतीही गाडी असो, स्टेपनी आहे की फक्त पंक्चर किट, हे विचारा. फोंडा घाटात टायर कापला गेला तर किटनं काम होत नाही.

खर्च: बाहेर युनिटामागे वीस ते पंचवीस रुपये पडले, म्हणजे किलोमीटरला तीन-साडेतीन. आमची पेट्रोल गाडी याच रस्त्यावर सात-साडेसात घेते. घरच्या विजेवर फरक आणखी वाढतो. महावितरणकडून चार्जिंगसाठी वेगळी जोडणी मिळते, सोसायटीत ती प्रक्रिया आधी सुरू करा आणि गाडी नंतर बुक करा. ज्यांना घरी किंवा ऑफिसात चार्जिंग मिळणारच नाही, त्यांना मी आज इलेक्ट्रिक घ्या असं म्हणणार नाही.

आम्ही 45 युनिटांची ठरवली आहे. कोल्हापूरला आम्ही नाहीतरी जेवायला थांबतो, सासूबाईंच्या गुडघ्यांना तो थांबा हवाच असतो, आणि तेवढ्या वेळात गाडी भरते. किमतीतला बारा-तेरा लाखांचा फरक फक्त तो थांबा टाळण्यासाठी द्यावा असं वाटलं नाही. भावजी महिन्यातून दोनदा कामासाठी नागपूरला जातात, त्यांची निवड त्यांच्या रस्त्याला बरोबर आहे.

परतीचं थोडक्यात. कणकवलीहून फोंडा घाटानं दाजीपूर, राधानगरी, कोल्हापूर. घाट चढताना टक्के भरभर उतरतात. पंचवीस-तीस किलोमीटरात सतराएक टक्के गेले तरी गाडीत दोष आहे असं समजू नका, वर सपाटी लागली की खप पुन्हा जागेवर येतो. दाजीपूरच्या जंगलपट्ट्यात चार्जरच्या भरवशावर राहू नका, कणकवली सोडताना निदान सत्तर टक्के हवेत. रविवारी संध्याकाळी सातारा ते पुणे या पट्ट्यात चार्जरवर रांगा असतात, त्यामुळे कोल्हापुरात नव्वदच्या पुढे भरून घ्या किंवा कराडला दुपारीच पंधरा मिनिटं थांबा. जमलं तर सोमवारी सकाळी निघा.