अळिवाचा गड

दिवाळी आठवड्यावर आली की आमच्या घरातल्या अळिवाच्या डब्यावर दोघींचा डोळा असतो. माझ्या आईला लाडू करायचे असतात आणि माझ्या पाच वर्षांच्या लेकीला, चिऊला, किल्ल्यावर गवत उगवायचं असतं. यंदा आईने वाटणी करून टाकली. "वाटीभर तुझं, बाकी माझं. आणि नारळाला हात लावायचा नाही, तुझ्या किल्ल्याला साधं पाणी चालतं."

जागा म्हणजे इमारतीच्या मागे, शेवग्याखाली, पाण्याच्या टाकीला लागून असलेला चार पावलांचा तुकडा. त्याला अंगण म्हणायची आमची हौस. एरवी तिथे फुटक्या कुंड्या आणि कुणाची तरी जुनी सायकल असते.

2025 च्या जुलैत राजगडासह 12 किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत गेले, तेव्हापासून माझ्या अंगात जरा जास्तच इतिहास संचारलाय. त्यामुळे या वेळी नुसता ढिगारा नाही, तर राजगडच करायचा, असं मी जाहीर केलं. कागदावर नकाशा काढला. मधे बालेकिल्ला, तीन दिशांना पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या माच्या. संजीवनीला दुहेरी तटबंदी हवी, तीही व्यवस्थित. विटा रचल्या, वर दगड, त्यावर चिखलात बुडवलेलं गोणपाट, आणि मग लाल मातीचा राडा करून लिंपण. चिऊ राड्यात कोपरापर्यंत बुडालेली. नकाशाकडे तिने एकदाच पाहिलं, तेही त्यावर चिखलाचा पंजा उमटवायला.

मी संजीवनीचा दुहेरी तट चमच्याने गुळगुळीत करत बसलो होतो. मागे वळून पाहतो तर बाईसाहेबांनी सुवेळा माचीला आरपार भोक पाडलेलं. हात एका बाजूने घालून दुसऱ्या बाजूने बोटं हलवून दाखवत होत्या. मी तोंड उघडलं आणि तसंच मिटलं. राजगडाच्या सुवेळा माचीवर खरंच नेढं आहे. कातळाला पडलेलं आरपार भोक, माणसं आत जाऊन बसतात एवढं मोठं. माझ्या नकाशात ते राहूनच गेलं होतं.

मग पेरणी. तीन वर्षांपूर्वी आम्ही मोहरी टाकली होती. ती उतारावरून घरंगळत खंदकात जमली आणि गड बोडका, खंदक हिरवागार, असा प्रकार झाला. अळिवाचं काम वेगळं. पाणी लागलं की दाण्याभोवती बुळबुळीत थर धरतो आणि तो जिथे पडेल तिथे, अगदी उभ्या कड्यावरसुद्धा, चिकटून बसतो. चिऊने मुठी भरभरून अळीव फेकलं, बालेकिल्ल्यावर कमी आणि स्वतःच्या केसांत जास्त. मी म्हटलं, तटबंदीवर टाकू नकोस, ती स्वच्छ दिसली पाहिजे. माझा संजीवनीचा तट तेवढा कोरा राहिला.

लहान मुलांना पाणी घालू देताना एकच पथ्य: पाण्याचा मग हातात द्यायचा नाही. मगाने बुरूज वाहून जातात. आईच्या इस्त्रीच्या पाण्याची फवाऱ्याची बाटली दिली की अर्धा तास निश्चिंती. तिने गडाबरोबर सायकल, मांजर आणि वरच्या मजल्यावरच्या काकांचा पायजमाही भिजवला. काका फिरायला जाता-येता थांबायचेच. "महादरवाजा कुठाय?" असं विचारायचे आणि उत्तर न ऐकता पुढे जायचे.

दुसऱ्या दिवशी सकाळी तोंडात ब्रश घेऊन ती मागे पळाली आणि फेसाळ तोंडानेच ओरडली, "बाबा, किल्ल्याला दात आले!" खरंच, दाण्यादाण्यातून पांढरं टोक बाहेर आलं होतं. चौथ्या दिवशी सगळा गड हिरवा. अळिवाच्या पहिल्या पानाला तीन बोटं असतात, हे मला पस्तिशी उलटेपर्यंत माहीत नव्हतं. ते तिने दाखवलं. इतक्या वर्षांत मी या गवताकडे उभ्यानेच पाहिलं होतं, तिचं डोकं मात्र गवताच्या उंचीवरच असतं.

गेरू आणि चुना कालवून दगड रंगवायचं कामही तिचंच. काही दगड रंगले, बाकी रंग फ्रॉकवर गेला. मावळे कुंभारवाड्यातून आणले होते. पहाऱ्याला तिने दोन मावळे, एक झेब्रा आणि शेपटी तुटलेला डायनासोर असे नेमले. सिंहासनावरचे महाराज बालेकिल्ल्यापेक्षा मोठे झाले. त्यात मला काही चूक वाटली नाही.

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी पाऊस आला. धो धो नाही, पण पुरेसा. आईची जुनी साडी, प्लास्टिक, जे हाताला लागलं ते घेऊन मी धावलो. पाऊस थांबल्यावर बॅटरी लावून पाहिलं. जिथे अळीव दाट होतं तिथली माती मुळांनी घट्ट धरून ठेवली होती. नेढंसुद्धा शाबूत. मी चमच्याने घोटलेली, मुद्दाम कोरी ठेवलेली दुहेरी तटबंदी तेवढी विरघळून खंदकात बसली होती. चिऊला वाईट वाटेल म्हणून मी समजुतीची वाक्यं जुळवत होतो. तिने खंदकात हात घातला आणि तिथल्या चिखलाची लापशी करून झेब्र्याला वाढायला सुरुवात केली.

आठ-दहा दिवसांत गवत उंच होऊन आडवं पडलं, खालून पिवळं झालं. त्याआधी कात्रीने थोडं कापून दहीभातावर घातलं होतं. मोहरीसारखी नाकात जाणारी चव लागते. चिऊने थुंकून टाकलं आणि आजीच्या लाडवाकडे मोर्चा वळवला.

तुळशीचं लग्न झाल्यावर विटा काढल्या आणि माती कुंड्यांत भरली. मार्चमध्ये मोगऱ्याची कुंडी उकरताना एक ढाल सापडली. मावळा अजून सापडलेला नाही. चिऊचं म्हणणं, तो चोरवाटेने गेलाय, शोधू नका, शत्रूला कळेल.