क्रियापदाला चिकटणारी सर्वनामे

मालवणच्या मासळीबाजारात घेणे, देणे आणि सांगणे या क्रिया अखंड चालू असल्यामुळे स्पॅनिशचा सराव मी मनातल्या मनात तिथेच उरकते. मासा म्हणजे 'पेस्कादो' हे पुल्लिंगी नाम, म्हणून 'कोंप्रार' (विकत घेणे) आणि 'लो' (तो) मिळून 'तो विकत घेणे' हे 'कोंप्रार्लो' होते. तारली म्हणजे 'सार्दीना' स्त्रीलिंगी, म्हणून 'कोंप्रार्ला'. आपल्याकडे कर्माचे सर्वनाम क्रियापदाच्या आधी सुटे येते, तर स्पॅनिशमध्ये ते मूळ क्रियापदाच्या शेवटी जोडून एकच शब्द लिहितात.

'मला तो विकत घ्यायचा आहे' हे 'क्येरो कोंप्रार्लो' किंवा 'लो क्येरो कोंप्रार' असे कसेही म्हणता येते. दोन्ही क्रियापदांच्या मध्ये सुटा 'लो' मात्र चालत नाही.

खरी गंमत दोन सर्वनामे एकत्र आली की सुरू होते. 'मला तो देणे' म्हणजे 'दार्मेलो': आधी घेणारा, मग वस्तू. आघात मूळच्या 'दा'वरच राहतो आणि तो शेवटून तिसऱ्या अक्षरावर पडत असल्याने लिहिताना स्वरावर आघातचिन्ह द्यावेच लागते. 'त्याला तो देणे' म्हणताना 'ले' (त्याला) आणि 'लो' शेजारी नांदत नाहीत. 'ले'चा 'से' होऊन 'दार्सेलो' तयार होते. हा 'से' त्याला, तिला, त्यांना, आदरार्थी 'तुम्हाला' अशा सगळ्यांसाठी राबतो (हे मला जरा अन्यायाचेच वाटते), त्यामुळे घोटाळा टाळण्यासाठी पुढे 'आ एया', म्हणजे 'तिला', असे जोडतात. 'साठी' या अर्थाच्या 'पारा'नंतर मात्र सर्वनामाच्या जागेच्या निवडीला वावच नसतो: 'पारा कोंप्रार्लो' एवढेच बरोबर.