सिगरेट सुटली, आवाज मात्र बसला

सिगरेट सोडल्यानंतरचे पहिले काही आठवडे माझा आवाज आधीपेक्षा वाईट लागत होता, हे आधीच सांगून टाकते. याच दिवसांत बरेच गाणारे पुन्हा पाकिटाकडे वळतात. "एक ओढली की घसा मोकळा होतो" हे वाक्य मी गाणाऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकलंय!

घसा भरण्याचं कारण साधं आहे. श्वासनलिकेत आतून बारीक केसांसारखे तंतू असतात, त्यांचं काम कफ वर ढकलायचं. धुराने ते मंदावतात. धूर थांबला की पुन्हा कामाला लागतात आणि साचलेला कफ वर येऊ लागतो. मला सकाळी आलाप सुरू केला की तिसऱ्या-चौथ्या स्वराला खरखर यायची. खाकरावंसं वाटायचं, पण तेच टाळायचं होतं, कारण खाकरताना स्वरतंतू एकमेकांवर जोरात आपटतात. मग घोटभर पाणी, आणि ग्लासातल्या पाण्यात स्ट्रॉ बुडवून बुडबुडे काढत सा लावायचा. दिसतं पोरखेळासारखं, पण स्वरतंतूंवर ताण न येता आवाज लागतो. तो दिवसभराचा रियाज समजायचा आणि थांबायचं.

तलफेचं म्हणाल तर पहिले तीन-चार दिवस कठीण गेले. निकोटीनच्या च्युइंगमने माझा घसा चुरचुरायचा, म्हणून डॉक्टरांनी पॅच दिला. तो घशाच्या वाटेला जातच नाही.

आता पट्टीची गोष्ट. मी मुळात काळी पाचमध्ये, म्हणजे पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीला सा धरून गाणारी. सिगरेटच्या वर्षांत हळूहळू काळी तीनवर उतरले, आणि लोक म्हणायचे, आवाजाला काय वजन आलंय! कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून पडद्यावर दाखवलं, तेव्हा ते वजन दिसलं: स्वरतंतूंच्या वरच्या थराखाली पाणी धरलं होतं, दोन्ही तंतू फुगलेले. जड तंतू सावकाश कंप पावतात, म्हणून स्वर खाली येतो. याला राइंके इडिमा म्हणतात. सिगरेट बंद केली की सूज वाढायची थांबते, बऱ्याचदा थोडी उतरतेही, पण पूर्ण जाईलच असं नाही.

माझी उतरली तशी दमसासात आधी फरक पडला. विलंबितात, म्हणजे संथ लयीत, तालाची सम (पहिली मात्रा) गाठायला मधेच चोरून श्वास घ्यावा लागायचा, तो लागेनासा झाला. मग वरचे स्वर सुटे झाले. खर्ज मात्र गेला. मंद्र म्हणजे खालच्या सप्तकातल्या पंचमाला जो भरदार नाद यायचा तो आता येत नाही, आणि खरं सांगायचं तर त्याची हळहळ वाटते. ज्यांना तो घोगरा आवाज आवडायचा त्यांनी "पूर्वीची मजा नाही" असं तोंडावर सांगितलं.

सध्या काळी चारवर स्थिरावले आहे. तार म्हणजे वरच्या सप्तकातल्या गंधाराला अजून कधी कधी हवा निसटते. डॉक्टर म्हणतात शस्त्रक्रियेची घाई नको, आधी उरलेली सूज किती उतरते ते पुन्हा दुर्बिणीतून पाहू.