१५ फुटांच्या पट्ट्यात अडकलेली फाईल

बांधकामाचा नकाशा मंजूर झाला, अग्निशमनचा दाखला आला, वीजजोडणीही मिळाली. हे सगळं कसं झालं ते आता आठवतही नाही. आठवतो तो फक्त १५ फुटांचा पट्टा.

माझी फर्निचरची कार्यशाळा आणि मागच्या हद्दीला लागून घरं. नियम असा, की जमिनीचे एकमेकांना न मानवणारे वापर शेजारी आले की मध्ये झाडांचा पट्टा सोडायचा, आणि ज्याच्या वापराचा त्रास जास्त त्याने तो सोडायचा. म्हणजे मी. माझ्या १०० फुटी हद्दीसाठी १५ फूट रुंदी, ४ मोठी झाडं, २० झुडपं. तक्रार नव्हती, करवत काय आवाज करते ते मला माहीत आहे. (तसं पाहिलं तर झाडांनी आवाज फारसा अडत नाही. १० डेसिबल कमी करायला दाट झाडीचा सुमारे २०० फुटांचा पट्टा लागतो. १५ फुटांत नजर अडते, एवढंच. पण हे खिडकीवर बोलायचं नसतं.)

पहिला आराखडा परत आला, कारण सगळी झुडपं मी एकाच जातीची दाखवली होती. एक कीड आली की अख्खी रांग जाते. चूक माझीच, आठवड्यात सुधारली.

खरा घोळ पुढे. नियोजन विभागातल्या मॅडम म्हणाल्या, "पट्ट्याखालून सांडपाण्याची वाहिनी जाते. त्या विभागाची ना हरकत आणा." तिकडचे साहेब म्हणाले, "वाहिनीच्या दोन्ही बाजूंना १० फुटांत मोठं झाड चालणार नाही. मुळं ओलीच्या मागे लागून पाइपच्या सांध्यांत शिरतात." वाहिनी हद्दीपासून ६ फुटांवर. म्हणजे सगळाच पट्टा बाद. परत मॅडमकडे. "मग झाडं कमी करू?" "कोष्टकात ४ आहेत, ४ लागतील." परत साहेबांकडे. "त्यांना सांगा, इथे एकही नाही."

अकरा आठवडे हेच. दोघांची टेबलं एकाच मजल्यावर, मध्ये फक्त जिना. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, म्हणून तर जास्त चीड येत होती. भांडावं तरी कोणाशी?

शेवटी नियमावली घरी आणून शेवटच्या पानापर्यंत वाचली. हे पहिल्या दिवशीच करा. शेवटून दुसऱ्या पानावर 'पर्यायी पूर्तता' असं कलम होतं: जागेची अडचण असेल तर कमी रुंदीत दाट लागवड किंवा भरीव कुंपण चालेल, आणि जुनी झाडं मोजणीत धरता येतील. रुंदी आणि दाटी यांची अशी अदलाबदल लेन केंडिग या अमेरिकी नियोजनकाराने मांडली होती, हे मला नंतर कळलं. मॅडमना ते कलम ठाऊक होतं. "तुम्ही तसा अर्ज केला नव्हता," त्या शांतपणे म्हणाल्या.

पट्टा संपतो तिथून लगेच पुढे, माझ्या कार्यशाळेच्या बाजूला, दोन जुनी झाडं होती. त्यातलं एक तर मी टेम्पो वळवायला अडतं म्हणून तोडणार होतो! ती दोन मोजणीत आली, दोन नवी १७ फुटांवर घेतली, वाहिनीवर झुडपं आणि हद्दीवर ६ फुटी भरीव कुंपण. साहेबांकडून 'झुडपांना हरकत नाही, झाडांना आहे' एवढं एक वाक्य लेखी घेतलं. तोंडी बोलण्यावर सही होत नाही. ते पत्र दिलं आणि चौथ्या दिवशी मंजुरी!

जुनं झाड राखणार असाल तर काम सुरू व्हायच्या आधी त्याला कुंपण घाला. खोडाच्या व्यासाच्या दर इंचाला १ फूट त्रिज्या. नाहीतर खोदकामाचं यंत्र मुळांवरून फिरतं आणि झाड दोन-तीन वर्षांनी वाळतं. जमिनीखालच्या वाहिन्या दाखवणारा मोजणी नकाशा आराखड्याच्या आधी काढा, नंतर नाही. रोपांची जाडी जमिनीपासून ६ इंचांवर मोजतात. मी बुंध्याशी मोजली, तपासणीत रोपं बाद. फाटकाजवळ झुडपं बुटकी ठेवा, गाडी बाहेर काढताना रस्ता दिसला पाहिजे. कुंपणाची चांगली बाजू शेजाऱ्यांकडे.

मंजुरी आली तेव्हा लागवडीचा हंगाम सरला होता, म्हणून अनामत भरून भोगवटा प्रमाणपत्र घेतलं. दोन वर्षांत मेलेलं प्रत्येक झाड बदलून द्यायचं. आतापर्यंत दोन झुडपं बदलली आहेत. अनामतीची पावती कपाटात आहे, दोन झेरॉक्ससह.